गॅरेजमधल्या दोन जपानी रायफली: देखणी कोणती, खरी कोणती

ओहायोतल्या एका लहान गावात एक आजोबा वारले आणि त्यांच्या गॅरेजच्या माळ्यावरून दोन जपानी रायफली खाली आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी अशा रायफली आठवण म्हणून ढिगाने घरी नेल्या, तेव्हा तिकडे हे काही नवल नाही. घरच्यांनी दोघींची वर्गवारीही उरकून टाकली होती. एक ‘चांगली’, एक ‘भंगार’. चांगली म्हणजे निळसर काळ्या चकाकीची, गुळगुळीत दस्त्याची, हातात हलकी. आजोबांच्या नातवाने तिच्यासाठी ६.५ मिमी जपानी काडतुसांचं खोकंही मागवलं होतं, आणि येत्या शनिवारी तो ती रेंजवर नेणार होता. दुसरीचा दस्ता कानशीने ओरबाडल्यासारखा, बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, मुठीवर वेल्डिंगचा गोळा, दस्त्याच्या मागे पत्र्याऐवजी चक्क खिळे ठोकलेली लाकडी फळी. ती पोलिसांच्या शस्त्र-जमा मोहिमेत देऊन टाकायचं ठरलं होतं.

त्या घराला लागून आमच्या मंडळातला एक तरुण मित्र राहतो. त्याचा फोन आला. “दादा, तुम्ही जरा येऊन बघता का? पोरगा शनिवारी उडवायचं म्हणतोय, आणि मला काही ठीक वाटत नाहीये.”

त्याने मला विचारलं, कारण मला या जुन्या जपानी रायफलींचा नाद आहे. तसा मी नेमबाज नाही. नोकरीची पहिली वर्षं कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत गेली, आणि ओतीव भाग कोणता, घडवलेला कोणता, मिलिंग कुठे झालंय, कानस कुठे फिरलीय हे बघायची सवय तिथे लागली ती कायमची. जपानी रायफली याच नजरेने बघाव्यात अशा आहेत. त्यांच्यावर छापलेला मजकूर थोडा असतो, कारागिराच्या हाताच्या खुणा मात्र भरपूर.

कुरूप असलेली

आधी दोन्हींचे बोल्ट उघडून आत काडतूस नाही याची खात्री केली आणि मग ‘भंगार’ हातात घेतली. पोराच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली, पण ओळखीची वाट खरीकडून खोटीकडे जावी, उलट नाही.

लांबी सुमारे ११२ सेंटिमीटर. रिसीव्हरच्या माथ्यावर, म्हणजे नळी जिथे मागच्या भागात बसते त्या कड्यावर, वायू बाहेर पडायला एकच भोक. खाली तीन जपानी अक्षरं: ‘क्यू क्यू शिकी’, नव्याण्णव प्रकार. ही टाइप ९९, कॅलिबर ७.७ मिमी. जपानी शाही कालगणनेचं २५९९ वं वर्ष म्हणजे आपलं १९३९. त्या वर्षी ही रायफल स्वीकारली गेली म्हणून ९९. त्याआधीची टाइप ३८ ही मेइजी राजवटीच्या ३८ व्या वर्षाची, १९०५ ची, आणि ६.५ मिमीची. दोन्हींना सरसकट ‘आरिसाका’ म्हणतात ते आरिसाका नारिआकिरा या लष्करी अधिकाऱ्यावरून, ज्याच्या देखरेखीखाली या घराण्यातली १८९७ ची मूळ रायफल तयार झाली.

७.७ मिमी म्हणजे आपल्याकडच्या पोलिसांच्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्याच मापाची गोळी. काडतूस मात्र वेगळं. थ्री-नॉट-थ्रीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, टाइप ९९ च्या काडतुसाला नसते. गोंधळात भर म्हणजे जपानी नौदलाच्या लुईस मशीनगनला ते कडवालं काडतूस चालायचं. ‘७.७ जपानी’ एवढंच म्हणून दुकानात गेलं तर दोन्ही हातात पडू शकतात.

डाव्या बाजूला ओळीने तीन गोष्टी: वर्तुळात एक अक्षर, मग क्रमांक, मग शस्त्रागाराची खूण. ओळख पटवण्याचं निम्मं काम या एका ओळीत होतं. जपान्यांनी प्रत्येक मालिकेत क्रमांक १ ते ९९,९९९ असे ठेवले, आणि मालिका बदलली की वर्तुळातलं अक्षर बदललं. अक्षरांचा क्रम मात्र ‘इरोहा’ या जुन्या कवितेचा, ज्यात प्रत्येक अक्षर एकदाच येतं. इ म्हणजे पहिली मालिका, रो दुसरी, हा तिसरी. आणि मालिका कारखान्यांना वाटून दिलेल्या. म्हणजे कविता पाठ असेल तर कारखाना कळतो आणि साधारण काळही. या रायफलीवर होतं ‘ते’: वर दोन आडव्या रेघा, खालच्या रेघेतून डावीकडे वळत गेलेली शेपटी. इरोहात ते पस्तिसावं. ३० ते ३५ या मालिका तोयो कोग्यो या हिरोशिमाच्या कंपनीच्या, त्यातली ही शेवटची. शस्त्रागाराची खूण एकमेकांत गुंतलेल्या चार वर्तुळांची, म्हणजे कोकुराची, कारण तोयो कोग्योचं काम कोकुरा शस्त्रागाराच्या देखरेखीखाली चालायचं. (ही चार वर्तुळं मूळची तोक्योच्या शस्त्रागाराची. १९२३ च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झालं, काम पुढे कोकुराला हललं आणि खूणही सोबत गेली.)

तोयो कोग्यो हे नाव वाचकाला अनोळखी वाटेल, पण ‘स्वराज माझदा’चा टेम्पो पाहिलेला असेलच. त्यातली माझदा ती हीच. १९२० मध्ये बुचाचा कारखाना म्हणून सुरू झाली, १९३१ मध्ये तीनचाकी मालगाड्या काढल्या, आणि युद्धात लष्कराने तिला रायफली करायला लावल्या. ६ ऑगस्ट १९४५ ला तिचा कारखाना हिजियामा टेकडीच्या आडोशाने बऱ्यापैकी वाचला, इतका की प्रांताच्या सरकारी कचेऱ्या काही काळ तिथे हलवल्या गेल्या. तीन दिवसांनी दुसऱ्या बॉम्बचं पहिलं लक्ष्य होतं कोकुराचं शस्त्रागार. त्या दिवशी तिथे आकाश झाकलेलं होतं, विमान नागासाकीकडे वळलं. या रायफलीच्या डाव्या अंगावर म्हणजे दोन्ही दिवसांशी नातं असलेल्या दोन जागांचे ठसे शेजारी शेजारी आहेत. त्या घरात हे मी सांगितलं तेव्हा पोराने पहिल्यांदा फोन खाली ठेवला.

कुठे वाचवलं, कुठे नाही

युद्ध संपता संपता झालेल्या या रायफलींना अमेरिकन संग्राहक ‘लास्ट डिच’ म्हणतात. त्यांच्याबद्दल एक समज पक्का रुजलेला आहे: घाईत, निकृष्ट मालाने केलेल्या, उडवल्या तर तोंडावर फुटतील. या प्रकरणात घरच्यांचा निर्णय याच समजावर उभा होता.

सुरुवातीच्या टाइप ९९ मध्ये काय काय होतं ते आठवून पाहा. नळीला आतून क्रोमचा मुलामा. रिअर साइट, म्हणजे नेम धरायची मागची खूण, १५०० मीटरपर्यंतची, आणि तिला दोन्ही बाजूंना घडीचे हात, उडत्या विमानावर नेम धरताना किती पुढे मारायचं त्याचा अंदाज यावा म्हणून. पुढे तारेचा एकपायी टेकू. बोल्टवर सरकणारं पत्र्याचं धूळझाकण. अंडाकृती, घोटलेली मूठ. सेफ्टीच्या गोल टोपीवर बोटाला पकड मिळावी म्हणून कोरलेली नक्षी. फ्रंट साइटला दोन्ही बाजूंनी संरक्षक कान.

आमच्या हातातल्या रायफलीत यातलं एकही नव्हतं. रिअर साइटच्या जागी एक ठोकळा आणि त्यात भोक, साधारण ३०० मीटरला बांधलेलं, वर-खाली काही होत नाही. मूठ म्हणजे सरळ दंडगोल, वेल्डचा गोळा तसाच. सेफ्टीची टोपी लेथवरून उतरली तशी. पट्ट्याच्या लोखंडी कड्या नाहीत. दस्त्याला आरपार भोक, त्यातून दोरी ओवायची. रिसीव्हरच्या बाहेरच्या अंगावर कटरच्या रेघा इतक्या ठळक की त्यांवरून फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, किती होता याचा अंदाज बांधता यावा.

आता बोल्ट बाहेर काढा. डावीकडची कडी बाहेर ओढली की तो मागे निघून येतो. पुढच्या टोकाला दोन दाते आहेत, लॉकिंग लग. काडतूस उडतं तेव्हा सगळा दाब हे दोन दाते रिसीव्हरमधल्या खाचांवर झेलतात. त्यांच्या मागच्या पाठी स्वच्छ घासलेल्या, आणि दोन्हींवर टेकण्याच्या खुणा जवळपास सारख्या. वायूचं भोक आहे. रिसीव्हर घडवलेल्या पोलादाचा. नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा स्वच्छ. क्रोम नाही, पण काम बरोबर. बोल्टच्या मुठीच्या बुडाशी रायफलीच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे, जुळणारे, म्हणजे बोल्ट हिचाच.

माझ्या लेखी सगळं प्रकरण इथे आहे. खडबडीतपणा किती आहे हे मोजू नका, कुठे आहे ते बघा. तोयो कोग्योच्या माणसांनी जे सोडलं ते सैनिकाच्या सोयीचं, दिखाव्याचं किंवा कधीच उपयोगी न पडलेलं होतं. रायफलीने विमान पाडायच्या हातांना कुणी मुकलं नसेल. दाब जिथे येतो तिथे त्यांनी हात आखडता घेतलेला नाही. पोलाद कमी, मशीनचे तास कमी, डोक्यावर बॉम्बवर्षाव, अशा वेळी कुठला पृष्ठभाग सोडून द्यायचा आणि कुठला नाही याचा निर्णय कुणीतरी शांत डोक्याने घेतला होता. उत्पादनात काम केलेल्या माणसाला हे लगेच दिसतं, आणि खरं सांगायचं तर थोडा आदरही वाटतो, ते हत्यार कशासाठी होतं हे माहीत असूनही.

आरिसाकाच्या मजबुतीचा पुरावा निव्वळ माझ्या नजरेचा नाही. पार्कर ॲकली या अमेरिकन बंदूक-कारागिराने युद्धानंतर वेगवेगळ्या लष्करी रायफलींत मुद्दाम दारू वाढवत नेऊन त्या मोडेपर्यंत चाचण्या केल्या, आणि आरिसाका बाकीच्या नावाजलेल्या रायफलींना पुरून उरली. याचा अर्थ शेवटच्या काळातली प्रत्येक रायफल डोळे झाकून उडवावी असा अजिबात नाही. पण ‘कुरूप म्हणून धोकादायक’ हे गणित मोडीत निघतं.

मग तो समज आला कुठून? बराचसा दुसऱ्या रायफलीसारख्यांमुळे.

देखणी असलेली

‘चांगली’ सुमारे ९६ सेंटिमीटरची, टाइप ३८ च्या कार्बाइनच्या अंगाची. चकाकी नातवाचीच होती. त्याने स्टीलवूलने गंज काढून नवा निळा रंग चढवला होता. रिसीव्हरवर सम्राटाच्या चिन्हाचं शेवंतीचं फूल नाही, प्रकाराची अक्षरं नाहीत, एक लहानशी खूण होती ती कुठल्या शस्त्रागाराची नव्हती.

नळीत बॅटरीचा उजेड सोडला. आत खाचा नाहीत. पाइपासारखी गुळगुळीत. पोराला वाटत होतं की वापरून झिजली. झिजलेल्या नळीत खाचांची कड बोथट होते, कुठेतरी सावली उरते. इथे सावलीही नव्हती.

मग दस्ता. खऱ्या आरिसाकाचा दस्ता मागे दोन तुकड्यांचा असतो, खालचा भाग वेगळा जोडलेला, सांधा डोळ्यांनी दिसतो. लोकांना तो तडा वाटतो, पण ती मुद्दाम केलेली जोडणी आहे, लाकडाची बचत होते आणि वाकण्याचा धोका कमी. या देखणीचा दस्ता एकसंध होता. ज्याला घरचे दर्जा समजत होते ती नेमकी शंकेची जागा.

रिसीव्हर दस्त्यातून सोडवला आणि माझ्यापुरता निकाल लागला. मागची जीभ, जिच्यातून स्क्रू जातो, ती रिसीव्हरसोबतच एकत्र ओतलेली. आतल्या, रंग न पोचलेल्या बाजूला साच्याच्या दोन अर्धांची जोडरेघ, आणि रेतीच्या साच्यातून निघालेल्या ओतकामाचा तो दाणेदार पोत, जो मी झोपेतही ओळखेन. दोन-तीन ठिकाणी सुईच्या टोकाएवढी भोकं. बोल्टला पुढे लग नव्हतेच. मुठीचा बुंधा एका खाचेत अडकतो, तेवढंच काय ते कुलूप.

ही कवायतीची रायफल, संग्राहकांच्या भाषेत ट्रेनर. १९२५ पासून जपानमध्ये माध्यमिक आणि त्यावरच्या शाळांत लष्करी अधिकारी नेमून मुलांकडून कवायत करून घेतली जायची. त्यासाठी लहान लहान खासगी कारखान्यांनी अशा रायफली केल्या. रूप खरं, बोल्ट हलतो, चाप ओढला की फायरिंग पिन आपटते, आणि कोरं, म्हणजे गोळी नसलेलं, काडतूस वाजतं. त्यापलीकडे काही झेलण्यासाठी त्या केलेल्याच नव्हत्या. खऱ्या काडतुसाचा दाब काही हजार वातावरणांचा असतो. ओतीव लोखंड ताणाला कमजोर. ते वाकून सूचना देत नाही, तुटतंच. अमेरिकेत युद्धानंतर अशा ट्रेनर फुटल्या की बोल लागला तो सगळ्या जपानी रायफलींना, आणि त्यातही दिसायला ओबडधोबड असलेल्यांना.

नातवाने विचारलं, “पण ६.५ चं काडतूस आत नीट बसतंय की!” बसणारच. नक्कल टाइप ३८ ची आहे. काडतूस बसणं ही मापाची गोष्ट झाली, ताकदीची नाही. शनिवारी काय झालं असतं याची मी वर्णनं केली नाहीत, जोडरेघेवर त्याचं बोट नुसतं फिरवून दिलं. त्याचे वडील ट्रकच्या वर्कशॉपमध्ये काम करतात. ते लगेच पुढे आले, बघितलं, आणि काडतुसांचं खोकं न बोलता स्वतःच्या गाडीत नेऊन ठेवलं.

इथे एक अडथळा मान्य करायला हवा. रिसीव्हर ओतीव म्हणजे ट्रेनर, असा नियम केला तर तो चुकतो. युद्धाच्या अखेरीला जपानी नौदलासाठी टाइप ९९ चा एक खास प्रकार झाला, ओतीव लोखंडाच्याच रिसीव्हरचा, आणि तो खऱ्या काडतुसासाठी होता. तिथे बोल्टचे लग रिसीव्हरमध्ये अडकतच नाहीत, थेट नळीच्या मागे वाढवलेल्या भागात अडकतात. दाब पोलाद झेलतं, ओतीव भाग फक्त सगळं एकत्र धरून ठेवतो. म्हणून प्रश्न क्रमाने विचारायचे: नळीत खाचा आहेत का, बोल्टला लग आहेत का, आणि ते कशात अडकतात. धातू कोणता हा प्रश्न त्यानंतरचा.

आजोबांची गोष्ट

कुरूप रायफलीच्या माथ्यावर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल असायला हवं, सम्राटाचं चिन्ह. ते होतं, पण ग्राइंडरने घासून काढलेलं. तीन-चार पाकळ्यांची टोकं काय ती उरलेली. शरणागतीनंतर जमा झालेल्या रायफलींवरची ही फुलं अशी खरवडली गेली. रणांगणावर हाती लागलेल्या रायफलींवर ती बहुधा शाबूत असतात.

घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी, की आजोबांनी ही ओकिनावाच्या लढाईत एका सैनिकाकडून मिळवली. घासलेलं फूल आणि हिरोशिमाच्या कारखान्याची अगदी शेवटची मालिका, दोन्ही त्या गोष्टीच्या विरुद्ध जातात. ओकिनावाची लढाई एप्रिल ते जून १९४५ ची. त्या काळात जपानच्या मुख्य बेटांवरून तिकडे नवीन रायफली पोचणं अवघडच होतं. आजोबांचे सेवामुक्तीचे कागद नातवाच्या आत्याबाईंकडे निघाले, त्यात १९४५ च्या शरदात जपानमध्ये ताबा-सैन्यात असल्याची नोंद होती. माझ्या मते रायफल तिथल्याच एखाद्या जमा केलेल्या ढिगातली. हे सांगावं की नाही यावर मी थोडा घुटमळलो. पण आत्याबाईंनाच ते पटलं. “बाबा लढाईबद्दल कधी बोललेच नाहीत, ती गोष्ट आमच्या काकांनी रंगवलेली,” असं त्या म्हणाल्या.

कुरूप रायफलीचा दस्ता थोडक्यात वाचला होता, हेही सांगायला हवं. नातवाने आधी तिलाच सुधारायला घेतलं होतं. पॉलिश पेपर मारायला लागला आणि दुसऱ्या दिवशी मनगटांवर पुरळ उठलं, म्हणून सोडून दिलं. जपानी दस्त्यांवर उरुशी झाडाच्या चिकाचं लाखकाम असतं. ते झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, काजू-आंब्याच्याही, आणि बिब्बा उततो तसंच ते काहींना उततं. जुना थर सहसा त्रास देत नाही, पण घासून धूळ उडवली तर संवेदनशील माणसाला देतो असं संग्राहक सांगतात. पुरळाचं कारण तेच असावं. कारण काहीही असो, कानशीच्या मूळ खुणा शाबूत राहिल्या, आणि या प्रकारच्या रायफलीत किंमत असते ती त्याच खुणांना. घासून गुळगुळीत केलेली ‘लास्ट डिच’ म्हणजे सगळा पुरावा पुसून टाकलेली वस्तू.

चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, तपासायचं राहिलं होतं. कोरियन युद्धाच्या काळात बऱ्याच टाइप ९९ अमेरिकन ३०-०६ काडतुसासाठी बदलल्या गेल्या आणि काही घरगुती कारागिरांनीही तो उद्योग केला. कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये ओतून त्याचा ठसा घेतला. मापं मूळ ७.७ × ५८ ची निघाली, कुणी हात लावलेला नाही.

शेवटी ठरलं ते असं. ट्रेनरचा बोल्ट काढून वेगळ्या पिशवीत, आणि चापाच्या कड्याला टॅग: ‘कवायतीची, गुळगुळीत नळी, कोणतंही खरं काडतूस घालू नये’. फायरिंग पिन कापून टाकावी असं वडिलांचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं, कारण कापलेलं परत येत नाही, आणि अशा रायफलींचे स्वतंत्र संग्राहक आहेत. विकताना टॅग सोबत द्यायचा आणि व्यवहार परवानाधारक दुकानातूनच करायचा. तोयो कोग्योची आत्याबाईंनी स्वतःकडे घेतली. त्या इंडियानात राहतात. एरवी राज्याबाहेर बंदूक द्यायची तर दुकानदार मध्ये लागतो, पण वारसाहक्काने मिळालेल्या वस्तूला संघीय कायद्यात सूट आहे, एवढी तजवीज वकिलाने करून दिली. फूल घासलेलं असल्याने किंमत उतरते, बोल्ट जुळता असल्याने थोडी सावरते. विकायची नसल्याने त्यांना त्याचं काही नव्हतं.

नातू अजून विचारतोय की मग आत्याची तरी उडवता येईल का. हेडस्पेस गेजने, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट मोजायच्या मापाने, तपासून, बंदूक-कारागिराने बघून, मोजक्या गोळ्या झाडायला तांत्रिक हरकत मला दिसत नाही. माझं मत मात्र नको असंच आहे. बोल्टवरचा आकडा, खिळ्यांची फळी, भोकाची साइट, सगळं जसंच्या तसं एकत्र राहिलेली शेवटच्या मालिकेची रायफल सहज मिळत नाही, आणि इतक्या वर्षांच्या फायरिंग पिनला सुटा भाग बाजारात मिळेलच असं नाही. आत्याबाईंनी त्याला थँक्सगिव्हिंगला बोलावलंय, तोवर मी गेज मागवून ठेवलाय.